नवव्या मजल्यावरचे एक्केचाळीस सेकंद

माणसांनी दाटीवाटीत कसं राहावं याचं मी दोन वर्षं रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि ती दोन्ही वर्षं राहिलो आत्याच्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. विषय होता उंच इमारतींची रचना. आमचं स्वतःचं घर बैठं. त्यातली सगळ्यात उंच जागा म्हणजे माळा, आणि तिथे चढलं की मला गरगरायचं. तरी मी चाळीस मजल्यांचे मनोरे काढायचो आणि लोकांनी त्यात कसं सुखानं नांदावं यावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहायचो. आत्या म्हणायची, "उंटावरचा शहाणा ऐकून होते. आमच्याकडे तो नवव्या मजल्यावर राहतो."

आत्याची इमारत अठरा मजल्यांची. लिफ्ट दोन, त्यातली एक इतकी वर्षं बंद की समितीने तिच्यात रंगाचे डबे ठेवले होते. सगळा भार दुसरीवर, आणि त्या दुसरीत लिफ्टवाले काका. एकतीस वर्षं तेच. ते चढले तेव्हा लिफ्टला जाळीचं दार होतं, ते हाताने ओढावं लागे. पुढे दारं आपोआप मिटणारी आली, बटणं आली, दारं किती वेळ उघडी राहिली याची नोंद ठेवणारी पेटीही आली. काका मात्र राहिले. बटण ते बोटाने कधी दाबायचे नाहीत, मधल्या बोटाच्या पेराने टकटक करायचे, कुणाच्या तरी दारावर करावी तशी. कोपऱ्यात एक स्टूल होतं, पण त्याच्यावर बहुतेक वेळा कुणाची तरी पिशवी बसलेली असे, काका उभे.

राहायला त्यांना तळमजल्यावर मीटरच्या मागची खोली होती. बायको शिवणकाम करायची, मुलगी नर्स होऊन सासरी गेली होती. मी एकदा हिशेब करून त्यांना सांगितलं की ते लिफ्टमधून आजवर जवळजवळ लाखभर किलोमीटर फिरलेत, म्हणजे पृथ्वीला दोनदा वळसा घालून वर थोडे उरतात. काकांनी कौतुकाने मान हलवली. म्हणाले, "आणि इंजिनियर, एवढं फिरून उतरायचं तळमजल्यावरच." मी इंजिनियर नाही, आर्किटेक्ट होणार आहे, हे मी त्यांना दोन वर्षं सांगत होतो.

काकांना काढावं की ठेवावं हा विषय समितीच्या प्रत्येक सभेत निघायचा. सेक्रेटरी निवृत्त लेखापरीक्षक. त्यांचं म्हणणं, बटणं दाबायला माणूस कशाला? पण काढायला कारण सापडत नव्हतं. कारण पुरवायला देवाने मला धाडलं असावं.

माझ्या प्रबंधाचा एक भाग होता लिफ्टसाठी वाट पाहण्याचा वेळ. मी त्या पेटीतल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढून घेतल्या आणि रात्रंदिवस, म्हणजे दिवसाच, त्यांच्याशी झुंजलो. सरासरी वाट शहाण्णव सेकंदांची निघाली. चालक नसता तर माझ्या गणिताप्रमाणे ती अठ्ठावन्न झाली असती. शिवाय एक नवल दिसलं. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, कुणी बोलावलेलं नसताना लिफ्ट नवव्या मजल्यावर यायची आणि सरासरी एक्केचाळीस सेकंद दार उघडं ठेवून उभी राहायची.

आता, नववा मजला म्हणजे अठराचा मध्य. माझ्या डोक्यात वीज चमकली. ती चमकायला नको होती. मी सिद्धांत मांडला की उंच इमारतीत चालक नकळत मधल्या मजल्याकडे ओढला जातो आणि तिथे विसावा घेतो. त्याला 'मध्यबिंदूचा ओढा' असं भारदस्त नाव दिलं, आलेख काढला, आलेखाला दोन रंग दिले. काकांना विचारायचं मनात आलं होतं. पण ज्याचं निरीक्षण करायचं त्याला विचारलं की निरीक्षण बिघडतं, असं मी नुकतंच वाचलं होतं. त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या शेजारी उभा राहून खाली जायचो आणि त्यांचं निरीक्षण बिघडू देत नव्हतो.

तो भाग मी बांधून घेतला आणि एक प्रत सेक्रेटरींना दिली. मागितली नव्हती त्यांनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी तिथल्या तिथे एक ओळ अधोरेखित केली: 'चालक कामाच्या ऐन गर्दीत रोज विसावा घेतो.'

"उत्तम काम," ते म्हणाले. "रविवारच्या सभेत मांडूच."

मी खूश होऊन दोन जिने चढून घरी गेलो. बाकीचे सात लिफ्टने.

शनिवारी मार्गदर्शक बाईंनी माझी प्रत परत केली. आलेखात चार दिवसांभोवती लाल गोल होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'या चार दिवशी ओढा कुठे गेला?' खरंच, गेल्या महिन्यात बारा ते पंधरा तारखेला लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबलीच नव्हती. मी लिफ्टच्या दुरुस्तीची वही पाहिली, सुट्ट्यांची यादी पाहिली, वीज कधी गेली होती तेही पाहिलं. काही लागेना. शेवटी दिवाणावर कागद पसरून बसलो तेव्हा आत्या भाजी निवडत होती.

"बारा ते पंधरा? तू कुठे होतास तेव्हा?" तिने विचारलं.

मी अभ्यासदौऱ्यावर होतो. दुसऱ्या शहरातल्या उंच इमारती बघायला.

"मग कशाला थांबतील ते?" आत्या म्हणाली. "अरे, रोज सकाळी तू एक मोजा पायात, एक हातात, असा धावत सुटतोस. आठ दहाची लिफ्ट चुकली की तुझी बस चुकते. पहिल्या महिन्यात तीनदा चुकली तेव्हापासून ते वर येऊन थांबतात. सगळ्या मजल्याला ठाऊक आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन वर्षं मला वाटत होतं माझं नशीबच थोर, दार उघडावं आणि समोर लिफ्ट हजर. ज्या एक्केचाळीस सेकंदांवर मी सिद्धांत उभा केला, त्यात मी बूट शोधत होतो. मला इतकी लाज वाटली की मी कागद गोळा न करता तसाच बसून राहिलो.

रविवारच्या सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. विसावा चालकाचा नाही, उशीर माझा आहे. लोक पोट धरून हसले. सेक्रेटरीही हसले, मग चष्मा पुसत म्हणाले, "प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन. पण चालक नसला तर वाट अठ्ठावन्न सेकंद, हे गणित बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, त्या अठ्ठावन्नात काही अर्थ नाही. सहाव्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत येईपर्यंत काका दार धरतात, तेही त्या शहाण्णवातच आहे.

"बरोबर आहे की नाही तेवढं सांगा."

बरोबर होतं. काकांना काढण्यासाठी हात वर झाले, आत्याचा आणि आजींचा सोडून जवळजवळ सगळे. पुढचा विषय जिन्याच्या रंगाचा होता आणि त्यावर दीड तास भांडण झालं.

दुसऱ्या दिवशी आठ दहाला लिफ्ट होतीच. मी आत शिरलो, दार मिटलं, आणि मी काकांची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की इमारतीला आणखी थोडे मजले हवे होते.

"अहो, तुम्ही लिहिलंत ते काही खोटं नाही," काका म्हणाले. "त्या वेळी बाकीचे सगळे खाली जायच्या घाईत असतात, बाजाराच्या पिशव्या नसतात, स्टूल रिकामं असतं. तुम्ही येईपर्यंत मी टेकायचो. दिवसातलं तेवढंच बसणं." मग पेराने तळमजल्याचं बटण टकटक करून म्हणाले, "तुमच्या अभ्यासाला उपयोग झाला ना पण?"

झाला. मला वरची श्रेणी मिळाली.

महिनाअखेरीला काका आणि काकू मुलीच्या गावी गेले. शिवणयंत्र टेम्पोत चढवायला मी मदत केली. स्टूल त्यांनी नेलं नाही. ते आता रंगाच्या डब्यांच्या लिफ्टमध्ये आहे.

एक तारखेला मी आठ वाजून पाच मिनिटांनी तयार होतो. दोन्ही मोजे पायात, बुटांच्या नाड्या बांधलेल्या. आत्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बाहेर येऊन बटण दाबलं आणि सवयीने सेकंद मोजू लागलो. लिफ्ट बरोबर अठ्ठावन्न सेकंदांनी आली. माझं गणित चोख निघालं. दार उघडलं, आत कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी रोज वेळेवर असतो. दोन वर्षांत एखादा दिवस जरी असा तयार होऊन दारात उभा असतो, तर त्यांनी कुणाची वाट पाहिली असती, आणि टेकले तरी कधी असते?