वीज गेल्यावरचा तास

वर्गात आले की सर आधी बोटांच्या पेरांनी कॉम्प्युटरच्या पडद्याला टकटक करायचे, बाजारात टरबूज वाजवून बघतात तसं. मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "बेटा, इसको कुछ नहीं मालूम. तुम्ही सांगाल तेवढंच हा करणार."

असे एखादे सर तुम्हालाही भेटले असतील. आमचे उस्मानपुऱ्यातून स्कूटरवर यायचे, तासिका तत्त्वावर कॉम्प्युटरची सी भाषा शिकवायचे आणि वीज गेली की चक्क खूश व्हायचे. भारनियमनाचे दिवस होते. बाकीचे सर अशा वेळी वर्ग सोडून द्यायचे. हे म्हणायचे, "उठा, आता तुम्हीच कॉम्प्युटर."

एकदा त्यांनी आमचे जेवणाचे डबे मागवले. डबा म्हणजे व्हेरिएबल, त्यात एकच चिठ्ठी. नवी टाकली की जुनी फेकायची. दोन डब्यांतल्या आकड्यांची अदलाबदल करायला त्यांनी मला उठवलं. मी एकातलं बघून दुसऱ्यात टाकलं, मग दुसऱ्यातलं बघून पहिल्यात. दोन्हीकडे सारखाच आकडा!

"एक भाजी गटारात गेली ना, बेटा! तिसरा रिकामा डबा कोण मागणार?"

पुढे मी लूप लिहिलं, म्हणजे ठरावीक फेऱ्या मोजून थांबायचा हुकूम, आणि मोजणी वाढवायलाच विसरले. कॉम्प्युटर झालेला वर्गातला सगळ्यात उंच मुलगा टेबलांभोवती फेऱ्या घालत राहिला. विभागप्रमुख दारात येऊन थबकले.

"साहेब, त्याला हाक मारू नका," सर गंभीरपणे म्हणाले. "थांब म्हणून हिनं सांगितलंच नाही."

मीही हसायचे, पण आतून धाकधूक असायची. मी पाचोडच्या मराठी शाळेतली, इथं होस्टेलवर राहणारी. पहिल्या परीक्षेत याच विषयात आपटले होते. माझे वडील, अण्णा, बजावून गेले होते, "आता बी उडालीस तर अंथरूण उचलायचं न् घरी यायचं." प्रॅक्टिकलच्या दिवशी ते खरंच आले आणि व्हरांड्यात बसून राहिले.

दिलेल्या आकड्यांतला सर्वांत मोठा शोधायचा होता. निम्मा प्रोग्रॅम झाला आणि वीज गेली. लिहिलेलंही गेलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "आउटपुट नाही, तर मार्क नाहीत." मला रडूच फुटलं.

सर पुढे झाले. "साहेब, मशीन बंद झाली, पोरीचं डोकं तर सुरू हाय ना? माणसांवर चालवून बघा."

परीक्षक हसले. त्यांनी आकडे लिहून चिठ्ठ्या वाटल्या. एक माणूस कमी पडला, तेव्हा सरांनी अण्णांनाच हात धरून आत आणलं.

'आतापर्यंतचा मोठा' मी शून्य धरला आणि एकेकाला विचारत गेले, "शून्यापेक्षा मोठे?" सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. अण्णा म्हणाले, "नाय बा." शेवटी शून्य जिंकलं, पण शून्य कुणाच्याच हातात नव्हतं! खट्याळ परीक्षकांनी सगळे आकडे वजा लिहिले होते. हशा पिकला. मलाही हसू आलं आणि भीती कुठल्या कुठे पळाली.

"थांबा सर, शून्यापासून नाही, पहिल्या माणसापासून सुरू करायचं."

आता 'आतापर्यंतचा मोठा' उभा राहायचा; त्याहून मोठा निघाला की तो बसायचा, दुसरा उठायचा. अण्णा उठले ते उभेच राहिले.

"मोठा मी? अगं, हे तर वजा दोन हाय!"

"असू द्या अण्णा. इथं तुम्हीच मोठे."

परीक्षकांनी टेबलावर थाप मारली. "पास!"

जूनमध्ये सरांना पुन्हा नेमलं नाही. ते कुठे गेले, कुणी नीट सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं. वीज गेली की आम्ही मुकाट वर्गाबाहेर पडायला लागलो.

पण सर आठवले की प्रॅक्टिकलच्या त्या संध्याकाळचेच आठवतात. अण्णांना स्टँडवर सोडायला त्यांनी स्कूटर काढली होती. तिची डिकी खिळखिळी झालेली. अण्णांनी पिशवीतून नवीकोरी दोरी काढली, माझं अंथरूण बांधायला आणलेली, आणि वाकून सरांची डिकी घट्ट बांधून दिली.