आक्काची पंगत

आक्का गेल्याचा निरोप आमच्या गावी न्हावऱ्याला आला तेव्हा मी ओट्यावर कांदे निवडत होते. ऐकूनही हात थांबले नाहीत, निवडतच राहिले… त्याला आता दीड महिना झाला.

माझी ही थोरली बहीण दौंडला रेल्वेच्या क्वार्टरात राहायची. दाजी इंजिनावर फायरमन, दोन्ही मुलं रेल्वेतच लागलेली. तिघांच्या पाळ्या वेगळ्या. एक उठायचा तेव्हा दुसरा झोपायला यायचा. आक्काची शेगडी दिवसभर विझायची नाही. चौघांनी एकदा तरी एका ओळीत बसून जेवावं, एवढंच तिला वाटायचं. सण आले नि गेले, ते काही जमलं नाही.

मी तिच्याकडं गेले असताना एका रविवारी दुपारी रेल्वेच्या हॉलमध्ये जपानी सिनेमा दाखवला. आम्ही दोघी बायकांच्या बाजूला बसलो होतो. बोलणं कुणालाच कळेना, म्हणून शेख गार्ड खालच्या इंग्रजी ओळी वाचून मोठ्यानं मराठीत सांगत होते. शेवटी त्यातली आई चार वाट्या मांडते. नवरा नि मुलं एकेक करून येतात, जेवतात, निघून जातात. ती वाट्या धुऊन पालथ्या घालते आणि दारात जाऊन बसते. तिथंच दिवे लागले. पुरुष मंडळी ओरडायला लागली, पुढचं रीळ लावा. शेख गार्ड म्हणाले, संपला. तरी कुणी उठेना.

परतताना मी म्हटलं, बरं झालं, बिचारीला घटकाभर टेकायला तरी मिळालं. आक्का चालता चालता थांबली.

"टेकली न्हाई गं ती. आत बसावं तर कुनाजवळ? कुनी मेलं न्हाई, कुनी भांडलं न्हाई, तरी घर मोडलं. आनिक काय दाखवायचं त्यांनी?"

"जपानातलं हाय ते, आक्का. लई लांबचं."

"व्हय. पन दौंडावनं कुठंबी गाडी जाती बाई," ती म्हणाली आणि हसली.

तिच्या तेराव्याला तिघांनी रजा काढली. रजा इतकी सहज मिळते, हे मला तेव्हा कळलं. तिघं एका ओळीत बसले, मी वाढत होते. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. ड्यूटीवर निघायचं असल्यासारखं भराभर जेवण चाललं होतं. धाकटा बाळू तर हात धुवायला उठायलाच लागला. मला चारचौघांत बोलणं कधी जमलं नाही, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, बस, दाजींचं व्हायचंय अजून.

तो बसला. दाजींचं झालं तरी कुणी उठलं नाही. रिकाम्या ताटांपुढं तिघांचे हात वाळायला लागले. बऱ्याच वेळानं दाजींनी थोरल्याकडं मान वळवली.

"मधू, हल्ली तुझी पाळी कवाची असती रं?"