ब्लँकेटच्या घडीतलं पिस्तूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनीतालासुद्धा नाही. आणि बायकोला मी सहसा सगळं सांगतो, डॉक्टरांनी बंद केलेला समोसा ऑफिसमध्ये चोरून खाल्ला तरी संध्याकाळी कबूल करून मोकळा होतो. हे मात्र सात वर्षं पोटात आहे. आता तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मला नीट माहीत नाही. तुम्ही ऐकून घ्या, एवढंच.

सुरुवात कुठून करू — पार्सलपासून करतो.

तेव्हा आम्ही शारजाला, रोल्ला बाजाराच्या मागच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन. बिल्डिंगमधलं कुणीही सुट्टीवर इंडियाला निघालं की बाकीच्यांची पार्सलं त्याच्या गळ्यात पडायची. कुणाच्या आईची औषधं, कुणाच्या भाच्याचे बूट, कुणाचं परफ्यूम. नाही म्हणायची सोय नसायची, कारण पुढच्या महिन्यात आपलं पार्सल त्याच माणसाच्या हातात जायचं असायचं. आणि हे सगळं कार्टनमध्ये बसवून बांधायचं काम माझं. फुशारकी नाही मारत, पण कार्टन बांधावं तर मीच. आधी टेप, मग निळी नायलॉनची दोरी उभी-आडवी, वर मार्करने नाव, शेवटी बाथरूमच्या काट्यावर वजन. केरळी, गुजराती, सगळे म्हणायचे, भाऊ को बुलाओ.

त्यात मी एक नियम केला होता. पार्सल उघडं आणायचं. माझ्यासमोर, नेणाऱ्यासमोर दाखवायचं, मग बंद करायचं. एकाने एकदा हलव्याच्या डब्यात कुणाच्या तरी दागिन्याची पुडी सरकवली होती, त्यावर मी सगळ्यांदेखत त्याला झापलं होतं. दुसऱ्याच्या पासपोर्टवर तुमची हौस भागवू नका, असलं काहीतरी मोठ्या तोंडाने बोललो होतो. हे लक्षात ठेवा.

आता हौसेबद्दल.

सुनीताचे थोरले बंधू — दादासाहेब — पुण्यात बिल्डर. मुळशीला फार्महाऊस, दाराशी जीप, आणि लायसन्सची बारा बोअरची बंदूक. दर सुट्टीत आम्हाला तिथे जेवायला नेणार, नारळ मांडणार आणि बार उडवणार. शहाण्णवच्या सुट्टीत त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. म्हणाले, दुबईवाले, नुसता एसी काय चालवता, ही चालवून दाखवा. शारजाला राहिलं तरी आम्ही त्यांच्यासाठी दुबईवालेच. मी बार काढला आणि त्या दणक्याने मागच्या शेणात बसलो. अक्षरशः बसलो. सगळे हसले. सुनीता हसली. माझी पाच वर्षांची मुग्धा टाळ्या वाजवून हसली.

एवढ्याशा गोष्टीचं कुणी मनाला लावून घेतं का? मी घेतलं. चाळिशीचा माणूस, वर्षभर ते शेण डोक्यात घेऊन फिरलो.

रोल्लाला एक दुकान होतं. तंबू, दुर्बिणी, टॉर्च, बहिरी ससाण्याच्या डोळ्यांवर घालायच्या चामड्याच्या टोप्या, असला माल. तिथे काचेखाली मी ते पिस्तूल पाहिलं. छऱ्याचं, हवेवर चालणारं. काळी नळी, लाकडी मूठ, खाली लाल मखमल. दुकानदार म्हणाला, नो लायसन्स हबीबी, एअर है. तीनशे साठ दिरहम, म्हणजे त्या वेळचे साडेतीन हजार रुपये. घरात पाय ठेवायच्या आत मी मनातल्या मनात दादासाहेबांपुढे ते काढूनही ठेवलं होतं. अगदी सहज, सिगारेटचं पाकीट काढावं तसं.

पुढच्या शुक्रवारी साइटवर जातो असं सांगून मी ते धैदच्या रस्त्याला रेतीत घेऊन गेलो. कोल्ड्रिंकचा डबा ठेवला. दहा पावलांवरून छर्रा डब्याला लागला आणि टणकन खाली पडला. डब्याला साधा पोचा नाही. हवा भरायला नळी वाकवून परत बसवताना अंगठ्याची कातडी चिमटली. पाचव्या-सहाव्या बाराला आतली स्प्रिंग कुरकुरली, मग चाप ओढला की नुसता फुस्स आवाज. आणि ती लाकडी मूठ — लाकूड कसलं, प्लास्टिकवर रंग. घामाने तो सुटला आणि तळहात तपकिरी झाला. रुमालाने पुसला तर रुमालही तपकिरी. मला माझीच लाज वाटली. दुकानदार म्हणाला, बिका माल वापस नही, खलास.

इथेच ते कचऱ्यात टाकलं असतं तर? पण नाही. मला वाटलं, दादासाहेबांना कुठे ते चालवायचंय. भिंतीवर लावतील. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतील, मेहुण्याने पाठवलंय गल्फमधून. न चालणारं पिस्तूल असलं म्हणून काय, दिसायला तर ऐटबाज होतं.

आणि त्याच महिन्यात इनास सुट्टीवर निघाला होता.

इनास आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. वसईचा, एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, बहीण रेजिना हिचं लग्न करायचं म्हणून गल्फला आलेला. पोरीचं लग्न ठरलं मे महिन्यातल्या रविवारी. चर्चमध्ये वडिलांच्या जागी हाच तिला हाताला धरून नेणार. त्यासाठी त्याने ग्रे सूट शिवून घेतला होता आणि आमच्या हॉलमध्ये घालून दाखवला होता. कसं चालायचं, डावा पाय आधी की उजवा, ह्याची मुग्धाबरोबर प्रॅक्टिस केली होती. मुग्धा नवरी. आम्ही किती हसलो होतो त्या दिवशी.

त्याचं कार्टन मी बांधलं. सगळ्यांची पार्सलं उघडून पाहिली, एकेक. माझं पार्सल होतं दादासाहेबांसाठी डबल-प्लाय ब्लँकेट, चेनच्या पिशवीतलं. मी ते बंदच आणलं. इनासने पिशवीची चेन धरलीसुद्धा होती — मग सोडली. म्हणाला, भाऊंचं काय बघायचं. आणि हसून म्हणाला, भाऊंनी बांधलंय म्हणजे कस्टमवाल्याला सोडवायला सुट्टी टाकावी लागेल.

मी हसलो. मग गाठ मारली.

तुम्ही म्हणाल, काय होणार हे तुम्हाला कळत नव्हतं? कळत होतं. म्हणूनच तर बंद आणलं ना.

शुक्रवार होता. आम्ही जेवायला बसलो होतो, सुनीताने पुरणपोळी केली होती. मुंबई एअरपोर्टवरून इनासचा फोन. गल्फचं कार्टन म्हणून कस्टमने उघडलं, दोरी कात्रीने कापली, ब्लँकेट झटकलं आणि पिस्तूल खाली पडलं. साहेबाला बोलायचंय, म्हणाला. आवाज घाबरलेला नव्हता. त्याला वाटत होतं, भाऊ बोलले की दोन मिनिटांत मिटेल.

ऑफिसरने मराठीत विचारलं. अगदी नीट, आदराने विचारलं. ब्लँकेट तुमचं का? आतली वस्तू तुमची का? तुमची असेल तर बिल फॅक्स करा, खरेदी करणाऱ्याचा जबाब पाठवा, ह्या मुलाचा काही संबंध नाही हे आम्हाला लिहून घेता येईल.

बिल माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. दोन्ही बिलं होती, ब्लँकेटचं आणि पिस्तुलाचं. ताटात पुरणपोळी होती. मुग्धा माझ्याकडे बघत होती. फॅमिली व्हिसा लागून दोनच महिने झाले होते. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं सांगू? माझी कंपनी, माझा पासपोर्ट, माझी डिपोर्टेशनची विमानं. सगळं माझं. आणि दादासाहेब. हो, त्या क्षणीसुद्धा दादासाहेब काय म्हणतील हे आलं.

मी म्हटलं, "ब्लँकेट माझं. बाकी मला काही माहीत नाही."

एवढंच. सात वर्षं जे पोटात आहे ते एवढंच आहे. मोठं भाषण नाही, खोटी शपथ नाही. बाकी मला काही माहीत नाही.

मग रिसीव्हर परत इनासकडे गेला. मला वाटलं आता तो ओरडेल, विचारेल, भाऊ असं कसं? निदान गप्प तरी बसेल.

तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही घाबरू नका. त्या दुकानवाल्याने पिशवीत टाकलं असणार. मी सांगतो ह्यांना."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. तुम्हाला कळतंय का? मी खोटं बोललो, आणि त्याने बसल्या जागी माझ्यासाठी त्याचं कारणही शोधून दिलं.

सुनीताने विचारलं कुणाचा फोन. मी म्हटलं, इनास, कस्टमची काहीतरी कटकट आहे. मग पोळी संपवली. तीही संपवली, हे सांगायला हवं. संध्याकाळी ब्लँकेटचं बिल फॅक्स केलं. पिस्तुलाचं बिल बारीक फाडून संडासात टाकलं. पहिल्यांदा पाणी सोडलं तर चार तुकडे वर तरंगत राहिले, दुसऱ्यांदा सोडावं लागलं.

रविवारी रेजिनाचं लग्न झालं. तिला हाताला धरून तिच्या मामांनी नेलं. इनासला जामीन मंगळवारी मिळाला. ग्रे सूट त्याच कार्टनमध्ये होता आणि कार्टन जप्त होतं.

केस चालली. पासपोर्ट जमा. हॉटेलने तीन महिने वाट पाहिली, मग लाँड्रीत दुसरा माणूस घेतला. इथला नियम तुम्हाला माहीत असेल — सहा महिने देशाबाहेर राहिलं की व्हिसा जातो. सातव्या महिन्यात तिकडच्या तज्ज्ञाचा रिपोर्ट आला. वस्तू निकामी आहे, छर्रा सुटत नाही. इनास सुटला. तोवर त्याचं गल्फ संपलं होतं. ज्याने कोल्ड्रिंकच्या डब्याला पोचा आला नाही, त्या पिस्तुलाने एका माणसाची नोकरी घेतली.

आणि बिल्डिंगमध्ये काय चाललं होतं? गच्चीवर लोक बसले की विषय निघायचा. एक जण म्हणाला, असली शांत दिसणारी माणसंच असले धंदे करतात. मी काय केलं? मी त्याला गप्प केलं नाही. मी मान डोलावली. फार नाही, जरा, पण डोलावली. पुढे इनाससाठी वर्गणी काढायची ठरली, तेव्हा सर्वांत जास्त पैसे मी दिले आणि भाऊंचं मन मोठं असं ऐकून घरी आलो.

त्यानंतर मी कार्टन बांधायचं सोडलं. पाठ दुखते असं सांगितलं. त्यात प्रायश्चित्त वगैरे काही नव्हतं. उघडी पार्सलं समोर आली की मला तिथे उभं राहवत नव्हतं, बस.

आता आम्ही अबुधाबीला, खलिफा सिटीत राहतो. मुग्धा तेरा वर्षांची आहे. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. इनासची तिकडे वसईत, पापडीला छोटी लाँड्री आहे. आणि दर वर्षी नाताळानंतर, इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हातून, त्याचं पार्सल येतं. केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे वसईची सुकवलेली केळी, आईने कुटलेल्या बाटली मसाल्याची एक बाटली. पहिल्या वर्षी बरोबर पत्र होतं. वर्गणीबद्दल आभार मानले होते. आणि लिहिलं होतं, भाऊ, त्या ब्लँकेटवाल्याकडून पुन्हा काही घेऊ नका, त्या दिवशी तुम्हीही अडकला असता.

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं. बरं लिहिलं, खुशाली विचारली, रेजिनाला बाळ झालं त्याबद्दल लिहिलं. तेवढी एक ओळ लिहिली नाही. दर वर्षी लिहायला बसतो आणि दर वर्षी तेवढी एक ओळ लिहीत नाही.

यंदाचं पार्सल गेल्या आठवड्यात आलं. नेहमीप्रमाणे उघडं. टेप नाही, दोरी नाही, खोक्याची झाकणं नुसती एकमेकांत अडकवलेली. वर वहीच्या कागदावर यादी, सुकेळी अमुक नग, मसाला बाटली एक, आणि खाली त्याच्या ठसठशीत अक्षरात दोन वाक्यं. भाऊ, उघडं पाठवतोय. तुमचाच नियम.

मुग्धाने खोकं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. "बाबा, व्हाय इज इट नेव्हर टेप्ड?"

मी तिला नियम सांगितला. पार्सल उघडं आणायचं, नेणाऱ्यासमोर दाखवायचं, मग बंद करायचं.

"गुड रूल," ती म्हणाली. "हू मेड इट?"

मी म्हटलं, मी.