यंत्राकडची खिडकी

डोंगरमाथ्यावर एक खोली आणि खोलीमागे खांबावर चढवलेलं यंत्र. ते दिवसभर हवा ओढायचं, हवेतली बारीक धूळ पांढऱ्या चकतीवर धरायचं आणि आकडा परस्पर शहरात पाठवायचं. चकती बदलायची, यंत्र पुसायचं, हे खोलीत राहणाऱ्या माणसाचं काम. हवेची राखण करतो म्हणून पायथ्याच्या गावात सगळे त्याला हवालदार म्हणत. सुरुवातीला त्यालाही मजा वाटायची.

यंत्र इतक्या लांब आणलं, कारण इथे ना गाड्या ना कारखाने. धूर काय तो एकाच घरचा, हवालदाराच्या. चूल पेटली की खिडकीतून निघालेला धूर थेट यंत्राच्या तोंडात! शहरातल्या साहेबांनी पहिल्याच महिन्यात बजावलं, "चूल पेटेल तेव्हा खिडकी बंद." एवढ्या चढावर गॅसची टाकी कोण आणणार? छपरावरच्या सौर पाट्यांची वीज यंत्रालाच जेमतेम पुरायची. मग काय, धूर आत आणि बायकोही आत. स्वयंपाकाच्या वेळी हवालदार मात्र हमखास बाहेर. चकती बघायला हो!

आता बायकोला चार पावलं चालली तरी धाप लागायची. धुरापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या सकाळी तिने चूल पेटवली आणि खिडकी सताड उघडली.

"अगं, आकडा बिघडेल!"

"बिघडू दे. त्या यंत्राला ठसका लागू नये म्हणून मी किती खोकायचं? त्याला पुसता तेवढं कधी मला विचारलंत?"

दुपारच्या आत साहेबांचा फोन आला. "अहो, काय जाळलंत?"

"चूल, साहेब. बायकोला दम लागतो. यंत्र जरा पलीकडे सरकवलं तर..."

"जागा बदलली की मागचे सगळे आकडे वाया. बायकोला खाली पाठवा की."

"खाली कुणाकडे? घर आहे ते हेच."

"मग खिडकी लावा. जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघतो."

आणि हे सगळं म्हणे लोकांच्या फुप्फुसांसाठी!

हवालदाराने दोन सणसणीत शिव्या हासडल्या. अर्थात फोन बंद झाल्यावर. संध्याकाळी चुलीची वेळ झाली तशी त्याने खिडकी ओढून कडी लावली.

"ऊठ. आजपासून चुलीपाशी मी. तू बाहेर बस."

ती बाहेर दगडावर बसली. थोड्याच वेळात आतून त्याच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. उघड्या दारातून धूर घुटमळत बाहेर आला आणि खोलीला वळसा घालून मागे यंत्राकडे निघाला.

"अहो, वारा फिरला," ती म्हणाली.

आतून नुसता खोकला आला. क्षणभर तिने धुराकडे पाहिलं. मग उठली आणि बाहेरून दार ओढून घेतलं.