जळलेल्या रानात पिंपळ

दक्षिण फ्लोरिडात आमच्या वसाहतीमागं पाइनच्या रानाचा एक तुकडा आहे, वसाहतीच्याच मालकीचा. यंदा वणव्यात तो जळला. घरं वाचली. खोडं काळी, खाली राख. वसाहतीतल्या आमच्या मराठी मंडळानं लगेच ठरवलं, बुद्धपौर्णिमेला तिथं पिंपळ लावायचे. राख दिसली की आमच्या अध्यक्षांना भाषण सुचतं.

आई तेव्हा नागपूरहून आली होती, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. परत जाण्याआधी बाबांच्या नावानं एक पिंपळ लावायचा, एवढंच तिचं मागणं. नर्सरीतलं रोप तिनंच निवडलं. रोज सकाळी त्याच्याशी बोलायची.

माझी झोप उडाली. रानाच्या वाटेवरची पाटी मी वाचली होती. ती सहसा कुणी वाचत नाही. या रानाला अधूनमधून आग लागावीच लागते. पाइनची साल जाड, तो टिकतो. रुंद पानांची झाडं होरपळतात. ती माजली तर त्यांच्या सावलीत पाइनची रोपं आणि जमिनीलगतची फुलं संपतात. म्हणजे बाबांचा पिंपळ एक तर रानाच्या मुळावर उठणार, नाहीतर पुढच्या वणव्यात जळणार. आईला सांगायचं असं मी रोज ठरवायचो आणि चहा पिऊन लॉगइन करायचो.

पौर्णिमेला बॅनर लागला. "राखेतून नवजीवन," असं म्हणत अध्यक्षांनी कुदळ मारली. खणकन आवाज आला. मातीचा नुसता थर, खाली चुनखडक. सरकून पुन्हा मारली. पुन्हा खडक.

"काकू, रोप नुसतं हातात धरा, फोटो घेऊन टाकू," अध्यक्ष आईला म्हणाले.

आई खाली बघत होती. जळक्या बुंध्यांतून बुटक्या ताडाचे हिरवे पंखे वर आले होते. खडकाच्या भेगांत बारीक पिवळी फुलं.

"हे कोणी लावलं रे?"

"कोणी नाही. मुळं खाली जिवंत होती." मग पाटीवरचं सगळं सांगून टाकलं.

"अन् हे तू आत्ता सांगतोस? मी नवी साडी नेसून आली." तिनं कुंडी माझ्या हातात दिली. "चल घरी. तुझ्या बाबांना दुसऱ्याच्या घरात घुसलेलं आवडत नव्हतं." मग अध्यक्षांकडे वळून, "भाऊ, पाय उचला जरा. फुलं आहेत."

आई परत गेली. कुंडी माझ्या बाल्कनीत आहे. फोनवर ती आधी पिंपळाची चौकशी करते, मग माझी. मुळं आता कुंडीच्या भोकातून बाहेर आली आहेत. लावायचा कुठं, हे तिलाही सुचत नाही आणि मलाही.