शिट्टी काढलेला कुकर

चेन्नईत येऊन पाच महिने झाले तरी लेकीच्या वर्गातली एकही मुलगी आमच्या घरी आली नव्हती. मुली आपसात तमिळ बोलायच्या आणि ही मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटी बसायची. शेवटी आठव्या वाढदिवसाला चौघी यायला तयार झाल्या, त्याही 'माझी आई घरी चॉकलेट केक करते' या तिच्या थापेवर. मी जन्मात कधी केक केला नव्हता. घरात ओव्हन नव्हता, आणि घरमालकांच्या अटीमुळे अंडंही आणायची सोय नव्हती.

"बेकरीतून आणू या की," नवरा म्हणाला. "कशाला जीव काढतेस?" त्याचं काय जातंय बोलायला! तो कारखान्यात निघाला होता. इथे लेकीच्या शब्दाचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर माझ्या नाकाचाही.

समोरच्या इमारतीतल्या बाईंनी कृती लिहून दिली होती. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला दोन बोटं मीठ पसरायचं, पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मीठ तापलं की त्यावर जाळी, जाळीवर केकचं भांडं, आणि मंद आचेवर पाऊण तास. कोकोची डबी अख्ख्या अण्णा नगरात एकाच दुकानात मिळाली होती, ती सगळी संपवली. मैदा, दही, सोडा घालून फेटता फेटता हात भरून आले. बिनपंख्याच्या त्या स्वयंपाकघरात घाम डोळ्यांत उतरत होता. दीड वाजता झाकण लावलं.

साताऱ्याहून आलेल्या सासूबाई तेवढ्यात झोपून उठल्या. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "केक," मी एवढंच म्हणाले. जास्त बोलले असते तर गाडी त्यांच्या शिऱ्यावर आली असती, आणि त्यांचा शिरा फार छान होतो हे ऐकायची त्या दिवशी माझ्यात ताकद नव्हती.

दहा मिनिटं झाली नसतील तोच गल्लीत पाण्याच्या लॉरीचा भोंगा वाजला. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. लॉरी दोन दिवसांआड यायची, ती चुकवणं शक्यच नव्हतं. प्लॅस्टिकच्या पाच घागरी घेऊन मी खाली पळाले. रांगेत उभी असताना वरून कुकरची शिट्टी ऐकू आली. कुणाचा तरी भात होत असेल म्हणून मी घागर पुढे सरकवली. मग आणखी दोन शिट्ट्या झाल्या.

पहिली घागर घेऊन वर आले तर शिट्टी आमच्याच कुकरवर बसलेली.

"अगं, पाणी घालायचंच विसरलीस की," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं मीठ जळत होतं खाली. दोन तांबे घातले आणि रिंगही बसवली. बरं झालं, वेळेवर बघितलं."

माठाच्या तळाशी राहिलेलं प्यायचं पाणी होतं ते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आई, तुम्हाला कुणी हात लावायला सांगितला होता?" मी ओरडलेच. त्या बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या. चाळीस वर्षं बिनपाण्याचा कुकर कधी गॅसवर न चढवलेल्या बाईने दुसरं काय करायला हवं होतं? हे मला आज सुचतं. तेव्हा फक्त रडू येत होतं.

भांडं बाहेर काढलं तर केक खरवसासारखा डुगडुगत होता. मिठाचं पाणी उकळून आत शिरलं होतं. कडा कापून टाकल्या, मधला भाग तव्यावर सुकवला, तुकडे करून वर रंगीत गोळ्या टोचल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

चार वाजता मुली आल्या आणि चटईवर बसल्या. पहिल्या घासाला एकीने तोंड वाकडं केलं. दुसरीने तुकडा हळूच बशीत परत ठेवला. चौघीही लेकीकडे बघायला लागल्या. आजीने पाणी घातलं म्हणून असा झाला, हे मोडक्या तमिळमध्ये सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेकच बोलली.

"अम्मा पण्णल. कडैल वांगिनोम."

मला तमिळ फारसं येत नव्हतं, पण एवढं कळलं. आईने नाही केला, दुकानातून आणलाय. मुलींना हायसं वाटलं असावं. त्या हसायला लागल्या, दुकानदाराला नावं ठेवू लागल्या, आणि लेक मध्ये बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने नावं ठेवत होती. इतकं तमिळ तिला येतं हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

सासूबाई दुपारपासून माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी खुर्चीवरून वाकून हळूच विचारलं, "काय म्हणतीय गं ती?"

"केक आवडला म्हणतेय," मी म्हणाले.