बाटलीबाईंची लाल चिंधी

१९ एप्रिल. मी गच्चीवर कुरडया घालत होते. जिन्यातून आधी रिकाम्या बाटल्यांचा खडखडाट वर आला, मागून बाई आल्या. खांद्यावर सुतळीत ओवलेल्या शीतपेयाच्या बाटल्या, हातात सायकलचा पंप. नाव शाहीन, मूर्तिजापूरला भावाचं सायकलचं दुकान. आमच्या राजापेठेत मात्र त्यांची पहिल्याच दिवशी बाटलीबाई झाली.

माझ्या लेकीची, गौरीची शाळा दम्यामुळे सातवीत सुटली होती. तिला घरी मीच शिकवत होते. ओळखीत अशी घरी शिकणारी आणखी चार मुलं होती. या पाचांना दर शनिवारी रॉकेट शिकवायचं, गच्ची तेवढी द्या, असं बाईंचं म्हणणं.

"फी काहून घेत नाही?" मी विचारलं.

"शाळेनं मले घेतलं नाही, म्हणून शिकवणं सोडू का, ताई?"

मला ते पटलं नाही. कापसाची ती वाईट वर्षं. वऱ्हाडात जो नवा माणूस येई तो पिशवी घेऊनच येई. कुणी बियाणं विकलं, कुणी औषधी मुसळीची लागवड, कुणी साखळी योजनेतले साबण. माझ्या दिरानं तिन्ही घेतली होती. बाई अजून काही विकत नव्हत्या, म्हणून मी जास्तच सावध झाले. दर शनिवारी कुरडया राखायच्या निमित्तानं जिन्याच्या तोंडाशी बसून राहायची.

बाईंची शिकवायची रीत एकच होती. बाटलीत थोडं पाणी, बुचात सायकलचा वॉल्व्ह, पंपानं हवा भरली की बाटली शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून जाई. पण उडवण्याआधी प्रत्येकाला नेमणूक. एकानं पाणी भरायचं, एकानं पंप मारायचा, एकानं वारा बघायचा, एकानं कोनमापकाला दोरा आणि नट बांधून उंची काढायची. पाचव्याच्या हातात लाल चिंधी. त्यानं काही खटकलं की चिंधी वर करून "थांबा" म्हणायचं. त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, स्वतः बाईंनीसुद्धा. दर शनिवारी नेमणुका बदलत.

"वर जाणारा एखादा असते," त्या म्हणत. "खालच्या नोकऱ्या पाहा रे पोट्टेहो. त्या सगळ्याइले पुरतात."

एकदा मला म्हणाल्या, "ताई, तुमी इतक्या शकी आहात, तुमाले तर चिंधी कायमची दिली पाहिजे."

"माझ्या कुरडयांवर पाणी उडालं तर चिंधीबिंधी काही बघणार नाही मी," मी म्हटलं.

मे महिन्यात आमच्या यांनी अकोल्याच्या एका साहेबांना गच्चीवर आणलं. त्यांचं निवासी अंतराळ शिबिर होतं. गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं, पोरं थेट शास्त्रज्ञ होणार म्हणे. इतर आईबापही जमले. हे तर गौरीला पाठवायला तयारच होऊन बसले होते. मला वाटलं, आता बाईंची पिशवी उघडली. हा माणूस त्यांचाच असणार.

पाहुण्यांसाठी रॉकेट लावलं. पंप सुरू झाला आणि गौरीनं चिंधी वर केली. "थांबा. बाटलीच्या गळ्याशी पांढरी रेघ आहे."

"अगं उडू दे बेटा," साहेब हसले. "लोक वाट पाहून राहिले."

बाईंनी तोवर पंप सोडवून हवा काढलीसुद्धा होती. बाई आणि गौरीनं हे आधीच ठरवून ठेवलंय की काय, अशी शंका मला आलीच. मी बाटली उचलली आणि गळ्याशी वाकवली. हातातच तडकली. महिनाभर ऊन खाऊन आणि हवा भरून भरून प्लास्टिक ठिसूळ झालं होतं.

बाईंनी साहेबांना विचारलं, "तुमच्या शिबिरात थांबा कोण म्हणते?"

साहेब आमच्या यांच्याकडे बघायला लागले.

पाहुण्याचा अपमान केला म्हणून बाकीच्या चौघांच्या घरच्यांनी शनिवार बंद केला. बाईंनी बाटल्या ओवल्या. चिंधी गौरीकडेच ठेवली. "एका पोरीसाठी गाडीभाडं परवडत नाही, ताई," एवढंच म्हणाल्या. रात्री हे म्हणाले, "सोमवारी गौरीचं नाव घालून टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गौरीला घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. शिबिराच्या ऑफिसात म्हटलं, "पोरी राहतात ती खोली दाखवा."

"आधी प्रवेश घ्या, मग दाखवू."

"मग थांबा," मी म्हटलं आणि बाहेर आले.

परतीला मूर्तिजापुरात उतरलो. दुकान विचारत विचारत गेलो. शटर अर्धं खाली होतं, बाई आत पंक्चर काढत बसल्या होत्या.

"काहून आल्या?"

"अकोला पाहिलं. पोरीले शनिवारी इथं आणायचं, तर आता तुमचंही पाहाले आलो."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी हात पुसले, शटर पूर्ण वर ढकललं आणि बाजूला सरकल्या.

"पाहा."

गौरी आत गेली. तिच्या मागून मीही गेले, आणि दुकानातली एकेक फळी बघितली.